पॉप-अप कॅम्पर घेऊन शिकागो ते यलोस्टोन

पॉप-अप कॅम्पर म्हणजे निम्मी गाडी आणि निम्मा तंबू: मोटारीमागे ओढत न्यायचा आणि मुक्कामी उघडायचा. तळ आणि छप्पर कडक, मधल्या भिंती कापडाच्या. मुक्काम कुठे मिळणार, सकाळी किती वाजता निघता येणार, स्वयंपाकाचं काय करायचं, हे सगळं त्या कापडावर ठरतं. जुलैत आम्ही शिकागोच्या उपनगरातून आय-90 महामार्ग धरून साउथ डकोटामार्गे यलोस्टोन नॅशनल पार्कला गेलो. बरोबर दोन मुलं आणि भारतातून आलेले सासू-सासरे.

आधी बुकिंगचं. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि ड्रेनेजची जोडणी असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. आणि तिथे कापडी भिंतींचा कॅम्पर चालत नाही, कारण तो ग्रिझली अस्वलांचा भाग आहे. पॉप-अपवाल्यांनी कॅन्यन, मॅडिसन, ग्रँट व्हिलेज किंवा ब्रिज बे बघायचं. तिथे जागेवर वीज नाही, तेव्हा बॅटरी पूर्ण भरून न्या. गॅसवरच्या हीटरचा पंखासुद्धा बॅटरीवरच चालतो आणि रात्रभरात ती पार उतरवतो. जुलैच्या जागा फार आधी संपतात, पण लोक शेवटच्या आठवड्यांतही बुकिंग रद्द करत असतात. रोज सकाळी चहाबरोबर एकदा बुकिंगची वेबसाइट उघडून बघितली की काहीतरी हाती लागतं.

भारतातून आलेले पाहुणे असतील तर प्रवेशाचं गणितही आधी मांडा. 2026 पासून यलोस्टोनसारख्या काही पार्कांत अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जास्त आकारतात.

गाडीबद्दल थोडक्यात: भाड्याच्या साध्या गाडीला सहसा काही ओढायची परवानगी नसते, तेव्हा स्वतःचीच न्यावी लागते. मॅन्युअलमधली ओढण्याची क्षमता बघताना गाडीत बसलेली सहा माणसं आणि तांदळाची पिशवीही वजनात धरा. कॅम्परच्या टायरची वेगमर्यादा बहुतेक वेळा 65 मैल असते. साउथ डकोटात आय-90 वर 80 ची परवानगी आहे, आणि सगळे ती पुरेपूर वापरतात. आपण उजवी लेन सोडायची नाही.

मिझुरी नदीपाशी, चेंबरलेनच्या विश्रांतीथांब्यावर नक्की उतरा. 2016 साली उभारलेला, गोधडी पांघरलेल्या आदिवासी स्त्रीचा 50 फुटी पुतळा तिथे आहे. मागे नदीचं पात्र दिसतं. सासूबाईंना अख्ख्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये सीडर पास कॅम्पग्राउंडला उतरलो. जागा सपाट, काहींना वीज, झाडाची सावली मात्र शून्य. शेकोटीला पूर्ण बंदी. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले आणि अंधार पडता पडता वारा सुटला. कॅनव्हास आधी नुसता फडफडत होता, मग फुगून आत यायला लागला, आणि पलंगाच्या कोपऱ्यातल्या चेनमधून पाणी ओळीने ठिबकू लागलं. अशा वेळी दोन्ही बाजूंचे पलंग रिकामे करून सगळ्यांनी मधल्या भागात यायचं. वादळाचा इशारा आला तर छप्पर खाली घेऊन सरळ गाडीत बसायचं. आमच्यावर तेवढी वेळ आली नाही. पण तिथे पोचल्यावर कॅम्परचं तोंड वाऱ्याच्या दिशेला करून लावा, आडवा लावू नका.

सकाळी कापड ओलंच घडी घालावं लागलं. प्रवासात ते चालतं, फक्त पुढच्या मुक्कामी पोचल्यावर, जेवणाच्याही आधी, कॅम्पर उघडून वाळवायचा. ओलं कापड दोन-तीन दिवस मिटलेलं राहिलं की बुरशी धरते, आणि ते काळे डाग मग जात नाहीत. म्हणूनच एकेका ठिकाणी किमान तीन रात्री राहा असं माझं म्हणणं आहे. रोज उघड-मीट करण्यात सुट्टी निघून जाते.

उघडण्याचा क्रम मुलांनाही पाठ हवा. आधी डावी-उजवी पातळी, मग चाकांना अडण्या, मग गाडीपासून सोडवणं, मग पुढची-मागची पातळी, आणि त्यानंतर चारही कोपऱ्यांचे जॅक. जॅक कॅम्पर स्थिर धरायला असतात, उचलायला नाहीत. हँडल फिरवून छप्पर वर गेलं की पलंग बाहेर ओढायचे. खालचे दांडे लागेपर्यंत त्यावर कोणीही चढायचं नाही. ज्येष्ठांना टेबल मोडून होणारा खालचा पलंग द्या, टोकाचे पलंग गुडघ्यांना फार उंच पडतात.

कस्टर स्टेट पार्क हा सगळ्यात सुखाचा मुक्काम. 18 मैलांच्या वाइल्डलाइफ लूपवर गव्यांसारखे दिसणारे बायसन रस्ता अडवून उभे असतात. हॉर्न न वाजवता थांबायचं. नीडल्स हायवेला मात्र कॅम्पर मागे ठेवूनच जा. तिथला एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे.

बिगहॉर्न डोंगर ओलांडताना नकाशा 14ए रस्ता सुचवू शकतो. तिथे दहा टक्क्यांचा उतार आहे. कॅम्पर घेऊन 16 नंबरचा रस्ता बरा. तोही 9,666 फुटांपर्यंत चढतो, पण सावकाश. उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

कॅन्यन कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे पाणी 92 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्याच. शिट्ट्यांनी शेजारचे दचकतात, मग खिचडीची एक वाटी पाठवली की ओळख होते. फोडणी बाहेर, कॅम्परपासून लांब. जेवणानंतर तेलाची बाटली, कुकर, मसाल्याचा डबा, एवढंच काय टूथपेस्टसुद्धा गाडीत किंवा अस्वलपेटीत बंद. लोणच्याचा वास आपल्याला येईनासा झाला तरी अस्वलाला येतो. भांड्यांचं पाणी जमिनीवर ओतायचं नाही. बादलीत धरून ठरलेल्या जागी टाकायचं. रात्री भर जुलैतही गोठण्याइतकी थंडी पडू शकते, तेव्हा माणशी एक जाड रजाई हवीच.

सरपण घरून नेऊ नका. लाकडातून झाडांची कीड पसरते, म्हणून ते जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं.

परतल्यावर कॅम्पर ड्राइव्हवेत पुन्हा उघडून दोन उन्हं दाखवा. अनेक सोसायट्यांत तो एक-दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू देत नाहीत, तेव्हा हिवाळ्यासाठी झाकलेली जागा मे महिन्यातच भाड्याने बघून ठेवलेली बरी.