उभ्या गाडीचा भत्ता

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात असली की आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मान वर काढायला सवड नसते. गाड्यांचे हिशेब मी बघते. अशाच एका गुरुवारी जतकडचा नवा ड्रायव्हर पहिल्या फेरीचा हिशेब करायला आला. आधी क्लीनर म्हणून फिरलेला. हलक्या गाडीच्या लायसनला वर्ष झाल्याशिवाय हेवीचं निघत नाही, ते नुकतंच हातात पडलेलं.

बोली झाली होती ती अशी: महिना 14,000 पगार आणि दिवसाला 400 भत्ता. पोरानं भत्त्याला तिसानं गुणलं आणि घरी सांगून टाकलं, 26,000 पडतील. तेवढ्यावर धाकट्या बहिणीची कॉलेजची फी त्यानं अंगावर घेतली. गुणाकार बरोबरच होता. पण आमच्याकडे भत्ता चालत्या गाडीला मिळतो, उभ्या गाडीला नाही, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

फेरी वाशीच्या मसाला मार्केटची होती. शुक्रवारी रात्री हळद भरून निघाला, शनिवारी दुपारी पोचला. रविवारी मार्केट बंद. सोमवारी गाड्यांची रांग एवढी, की नंबर लागला नाही. मंगळवारी माल उतरला, मग तळोज्यात भंगार लोखंड भरून तो कुपवाडच्या फौंड्रीकडे परतला. भत्त्याचे दिवस धरले तीन, म्हणजे 1200 रुपये. शेठच्या नियमानं गाडीनं लिटरला चार किलोमीटर अ‍ॅव्हरेज द्यायला हवं. जाऊन-येऊन 720 किलोमीटर, डिझेल लागलं 195 लिटर. पंधरा लिटर जास्तीचे 1350 रुपये त्याच्या नावावर पडले. वजाबाकी केली, तर दीडशे रुपये त्याच्याकडूनच येणं निघालं.

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, म्हंजे मीच शेठला पैसे द्यायचे व्हय?"

मला पुढचा आकडा लिहवेना. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि दोन दिवस वाशीत काय केलंस ते विचारलं. केबिनमध्येच झोपत होता. पोती वीस लाखांच्या वरची, त्यामुळे रात्री ताडपत्री जरा फडफडली तरी उतरून रस्सा तपासायचा. अंघोळीला पैसे, पार्किंगला पैसे, जेवण हॉटेलात. नंबर कधी पुकारतील याचा नेम नाही, म्हणून गाडी सोडून लांब जायची सोय नाही. याला सुट्टी म्हणायचं?

त्याच फेरीची फाइल मी काढली. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, गेलेल्या बिलात भाड्याखाली स्वच्छ लिहिलेलं होतं: हॉल्टिंग, दोन दिवस, 3000 रुपये. म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे येणार होते. ते घ्यायचा रिवाज सगळीकडे आहे आणि त्यात गैर काही नाही, गाडीचा हप्ता थांबत नाही. पण ती गाडी राखत बसलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातला एक रुपया नाही, हे मला पटत नव्हतं.

बिल घेऊन मी शेठकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, नव्या पोराच्या हातात एवढी गाडी दिली. त्याच्या चुका आम्हीच सोसायच्या का?" त्यांची धास्ती मी रोज बघते. टायर, इन्शुरन्स, भाड्यात घासाघीस करणाऱ्या पार्ट्या, सगळं माझ्याच वहीत असतं. मी एवढंच म्हटलं, की चार किलोमीटरचं माप हळद नेताना ठीक. जाताना खंबाटकीचा बोगदा होता, येताना मात्र लोखंड लादून आधी बोरघाट आणि मग खंबाटकीचा घाट चढायचा होता. तिथं जुन्या ड्रायव्हरचंही माप उतरतं. शिवाय नुकसानीची कपात करायची तर आधी कामगाराची बाजू ऐकावी लागते, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. याला कुणी काही विचारलं होतं का?

आणि आणखी एक मी बोलले, कारण ते बरेच दिवस मनात होतं. वाशीत ती पोती उतरवणाऱ्या माथाडीची मजुरी बुडत नाही. आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील त्यांच्यासाठी लढले, 1969 साली कायदा झाला, माथाडी बोर्डातून मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड मिळायला लागला. त्याच माथाड्याची वाट बघत दोन दिवस बसलेल्या ड्रायव्हरला काहीच नाही.

शेठ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी डिझेलची कपात खोडली आणि उभ्या दोन दिवसांचे 800 मांडायला सांगितले. पोराच्या हातात 2000 रुपये पडले. भरल्या गाडीचं परतीचं अ‍ॅव्हरेज वेगळं धरायचं, हे मी त्याच्यासमोर कागदावर लिहून शेठची सही घेतली.

तरी 26,000 होणार नाहीत, हेही त्याला सांगितलं. रिकामी गाडी भरतीसाठी यार्डात उभी राहते त्या दिवसांचा भत्ता अजून नाहीच. घरी खरा आकडा आजच सांग म्हटलं, फीचं काय ते आत्ताच ठरेल. आता नवा पोरगा आला की बोलीच्या वेळीच मी त्याला शेठसमोर विचारायला लावते: उभ्या दिवसाचं काय, टायर फुटला तर काय, ओव्हरलोडचा दंड कुणाच्या माथी? 2019 साली सुधारलेल्या कायद्यानं तो दंड 20,000 आणि वर जास्तीच्या दर टनाला 2000 आहे. किती माल भरायचा ते मालकानं ठरवायचं आणि दंड ड्रायव्हरनं भरायचा, हे व्हायला नको.

बाकीच्या ड्रायव्हरांच्या हॉल्टिंगचं अजून ठरलेलं नाही. शेठ म्हणतात, मार्चअखेर होऊ दे. तोवर प्रत्येक फेरीचे उभे दिवस मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतेय.