अंगवळणी पडणे म्हणजे नेमके काय

सांगली, मे महिना, शनिवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी आले तेव्हा आई आणि शेजारच्या काकू मिरच्यांची देठे खुडत बसल्या होत्या. वर्षाची चटणी करायची आहे (आमच्या भागात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात) आणि सोमवारी ब्याडगी व संकेश्वरी मिरच्या डंकावर जातील. मीही मदतीला बसले आणि पंधरा मिनिटांत माझ्या बोटांची आग होऊ लागली. आईचे हात मात्र शांत होते. कसे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "चाळीस वर्षं करतेय, अंगवळणी पडलंय." तो शब्द ऐकून मी थबकले, कारण सकाळी माझ्या विद्यार्थ्यालाही मी हेच उत्तर दिले होते आणि दिवसभर ते मला खुपत होते.

सकाळी आम्ही गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे तुकडा जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या काचपात्रात, टांगला होता. ३७ अंशांवरचे टायरोड द्रावण (क्षार आणि ग्लुकोजचे पाणी), त्यात हवेचे बारीक बुडबुडे, आणि तुकडा स्थिरावेपर्यंत तासभर दर पंधरा मिनिटांनी धुणे, हे सारे नेहमीप्रमाणे झाले. प्राणी-प्रयोगांच्या नीती समितीने मोजक्याच प्राण्यांना परवानगी दिलेली असल्यामुळे असा एकेक तुकडा आम्ही जपून वापरतो. मग सबस्टन्स पी या न्यूरोपेप्टाइडचा, म्हणजे मज्जापेशी निरोप धाडायला वापरतात अशा अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा, डोस दिला. आकुंचन दाखवणारी पडद्यावरची रेघ चार चौकटी चढली. धुऊन दोनच मिनिटांनी तोच डोस पुन्हा दिला, तेव्हा ती जेमतेम दीड चौकट वर आली. "मॅडम, टिश्यू गेला का?" विद्यार्थ्याने काळजीने विचारले. "गेला नाही, त्याला सवय झाली, अंगवळणी पडलं त्याच्या," असे मी म्हणाले खरी, पण या उत्तरात शास्त्र कुठेच नव्हते.

टिश्यू जिवंत आहे की नाही हे पाहायचे, तर दुसऱ्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) चालणारे औषध द्यावे लागते. विद्यार्थ्याने मज्जापेशींचे आणखी एक संदेशवाहक रसायन, असिटिलकोलीन, सुचवले. ते चालले नसते, कारण बाथमध्ये आम्ही आधीच अट्रोपीन घातले होते आणि अट्रोपीन असिटिलकोलीनचा मार्गच बंद करते. आतड्यातल्या मज्जापेशींवर एनके-थ्री नावाचे रिसेप्टर असतात आणि पेप्टाइडने ते चेतवले की असिटिलकोलीन सुटते. ती आडवाट बंद करून स्नायूवरच्या एनके-वन या सबस्टन्स पीच्या मुख्य रिसेप्टरचे म्हणणे तेवढे ऐकावे, यासाठी ही तजवीज. सबस्टन्स पीचा शोधही अट्रोपीनमुळेच लागला, हे मी त्याला सांगितले. १९३१ साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम हे दोघे असिटिलकोलीनचा अभ्यास करत असताना घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्काने सशाच्या आतड्याचे आकुंचन होते, आणि अट्रोपीन दिल्यावरही ते थांबत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे अर्कात आणखी काहीतरी होते. ते काहीतरी म्हणजे अकरा अमिनो आम्लांची साखळी आहे, हे कळायला १९७० चे दशक उजाडावे लागले. सुझन लीमन आणि मायकेल चांग यांनी तो क्रम उलगडला.

अखेर आम्ही हिस्टामीन दिले, त्याचा रिसेप्टर वेगळा असतो. रेघ पूर्ण उंचीने चढली. स्नायू ठणठणीत होता, आकुंचनाची यंत्रणा शाबूत होती, आणि तरीही सबस्टन्स पीचे बोलणे त्याला पहिल्याइतके ऐकू येत नव्हते. वीस मिनिटे थांबून तोच डोस पुन्हा दिला, तेव्हा चढ जवळजवळ मूळपदावर आला होता.

या वीस मिनिटांत काय घडते, हाच माझा गेल्या काही वर्षांचा अभ्यासविषय आहे. पेप्टाइड येऊन बसले की एनके-वन रिसेप्टर पेशीच्या आतल्या बाजूने जी-प्रथिनाला जागे करतो, फॉस्फोलायपेज सी हे विकर कामाला लागते, आयपी-थ्री हा पेशीतला निरोप्या तयार होतो, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि स्नायू आवळतो. पण त्याच क्षणापासून आवरते घेण्याचीही तयारी सुरू झालेली असते. रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीवर काही विकरे फॉस्फेट लावतात, त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते, जी-प्रथिनाचा रस्ता अडतो आणि बघता बघता रिसेप्टर पटलाच्या एका पिशवीत गुंडाळून आत ओढला जातो. तिथे पेप्टाइडचे तुकडे होतात आणि मोकळा झालेला रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की आत गेलेला रिसेप्टर गप्प बसत नाही. पिशवीत असतानाही त्याचे संदेशवहन चालू राहते आणि वेदना टिकून राहण्यात त्याचा वाटा असतो, असे गेल्या काही वर्षांतले काम दाखवते. त्या पिशवीपर्यंत पोहोचावे म्हणून कोलेस्टेरॉलसारख्या मेदाला जोडलेल्या रोधकांनी प्राण्यांतली वेदना जास्त वेळ रोखली आहे. आमचा आलेख मात्र पृष्ठभागावरचे तेवढेच दाखवतो.

या रिसेप्टरला रोखणाऱ्या औषधांवर वेदनाशामक म्हणून कंपन्यांनी मोठ्या आशा बांधल्या होत्या. प्राण्यांत चांगली चाललेली ती औषधे माणसाच्या वेदनेवर निष्प्रभ ठरली. त्याच वर्गातले अप्रेपिटंट २००३ साली अमेरिकेत मान्य झाले ते केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी. तासगावच्या माझ्या मावशीला मिरजेत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध चालू होते तेव्हा तिच्या पिशवीतली तीन कॅप्सूलांची पट्टी मी हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत बसले होते: पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८०. सिस्प्लॅटिनच्या उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही छळतात आणि नेमक्या त्याच काळात हे औषध उपयोगी पडते. तिसऱ्या दिवशी तिने मऊभात खाल्ला. ज्या रिसेप्टरचे आलेख मी काढते, तोच रिसेप्टर त्या घासामागे होता, ही जाणीव माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

"अंगवळणी" या शब्दावर माझा राग आहे, तो गेल्या वर्षीच्या एका चुकीमुळे. तेव्हा सलग पाच आठवडे आमचे सगळे प्रतिसाद आखूड येत होते आणि मी ते रिसेप्टरच्या थकव्याच्या खाती टाकत राहिले. खरे कारण फ्रीझरमध्ये होते. पेप्टाइडचे द्रावण लहान लहान कुप्यांत वाटून गोठवायचे सोडून मी एकच कुपी वरचेवर वितळवत होते. सबस्टन्स पीच्या टोकाला मेथिओनीन असते. त्याचे ऑक्सिडेशन झाले की पेप्टाइडची ताकद घटते. शिवाय विरळ द्रावणातले पेप्टाइड कुपीच्या भिंतीलाही चिकटून बसते. चूक ओळखण्याची खूण समोरच होती: रिसेप्टर थकला असता तर ताज्या तुकड्यावरचा पहिला डोस पूर्ण चढला असता आणि दुसरा कमी पडला असता, आमचा तर पहिलाच कमी पडत होता. त्या पाच आठवड्यांत वापरलेल्या प्राण्यांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे आणि तो पुसणार नाही.

आणि आता आईचे हात. मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूच्या टोकावरच्या टीआरपीव्ही-वन या वाहिनीला उघडते. तिचे जनुक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधले आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वाहिनी उघडली की त्या टोकातून सबस्टन्स पी बाहेर पडते आणि कातडी लाल होते. कॅप्सेसिनचा मारा चालूच राहिला तर ते टोकच निकामी होते. मज्जातंतूंच्या दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात ती याच तत्त्वावर. म्हणजे इथे थकतो तो निरोप धाडणारा, आणि माझ्या बाथमध्ये थकतो तो निरोप घेणारा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

जेवताना मी हे सगळे आईला समजावून सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अगं, पण मी बसायच्या आधी हाताला गोडं तेल लावलं होतं. तू नाही लावलंस."

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. तेव्हा उरलेल्या मिरच्या उद्या सकाळी आई उजव्या हाताला तेल लावून आणि डाव्या हाताला न लावता खुडणार आहे. तिने स्वतःहून होकार दिला आहे. सोमवारी प्रयोगशाळेत नव्या कुप्या भरायच्या आहेत, प्रत्येकीत एका दिवसापुरतेच द्रावण.