आराखड्यात नसलेली वस्ती

2023 सालचा जानेवारी होता. ग्रामपंचायतीच्या टेबलावर 14 गावांच्या प्रादेशिक नळपाणी योजनेचा नकाशा पसरलेला होता. निळ्या रेघा म्हणजे जलवाहिन्या, लाल गोल म्हणजे टाक्या. ग्राम पाणीपुरवठा समितीत येऊन मला चारच महिने झाले होते आणि असा नकाशा मी पहिल्यांदाच बघत होते. आधी धरण सापडलं, मग आमचं गाव, गावातली टाकी. त्या टाकीपासून आमच्या माळवस्तीकडे येणारी रेघ शोधत बोट पुढं सरकवत गेले. रेघ नव्हती. नीट बघितलं तर वस्तीच नव्हती. जिथं आमची 71 घरं आहेत, तिथं नकाशावर कोरा कागद होता.

"भाऊसाहेब, आमची वस्ती कुठाय यात?"

ग्रामसेवकांनी चष्मा लावून बघितलं आणि खरं ते सांगितलं. "ताई, यादीत जेवढी घरं आली तेवढीच धरलीत त्यांनी."

आमची वस्ती गावठाणापासून पावणेदोन किलोमीटरवर, माळाच्या अंगाला. लग्न होऊन मी इथं आले त्या वर्षापासून खालच्या विहिरीवरून पाणी आणते. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत घागर, एका खेपेला पाऊण तास. फेब्रुवारी सरला की विहीर तळाला जाते आणि मग टँकरची वाट बघायची. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते सगळ्या देशानं बघितलं. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाला एक टँकर यायचा, कधी दुपारी, कधी रात्री दहाला. लेकराला तसंच झोपेतून उचलून रांगेत उभं राहायचं. त्यामुळं 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी मिळणार असं कळलं, तेव्हा आत्याबाईंनी देवाला दिवा लावला होता. नकाशावरची योजना त्याच मिशनमधली, म्हणून तो कोरा कागद मला सोसवला नाही.

वस्ती वगळली कशी गेली, हे समजायला दोन आठवडे लागले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. गाव कृती आराखडा 2021 मध्ये तयार झाला. त्यात घरं घेतली ती ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 वरून, म्हणजे कर आकारणीच्या वहीवरून. आमची बरीच घरं शेतजमिनीवर, गावठाणाबाहेर. त्यांची नोंद त्या वहीत नव्हती. दुसरं कारण मला जास्त लागलं. घरोघरचं सर्वेक्षण झालं ते डिसेंबरात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कोयते कारखान्याच्या फडावर असतात, दाराला कुलूप. मोजायला आलेल्याला कुलपं दिसली, माणसं दिसली नाहीत. वर्षाचे पाच-सहा महिने बाहेर राबणारी माणसं उरलेले महिने पाण्यासाठी याच माळावर वणवण करतात, हे त्या कागदाला कळणार कसं?

मग आधी आम्हीच मोजायचं ठरवलं. बचत गटातल्या सहा बाया, तीन दिवस. उघडी घरं 42, कुलूप लावलेली 29. कुलपाच्या घरांची माणसं रेशनकार्डावरून आणि फोन करून विचारून लिहिली. एका फडावरून फोनवर एक जाऊबाई म्हणाली, "लिव्हा आमचं बी, सात जण हाव. आन् शेरडं चार." शेरडंसुद्धा लिहून घेतली, पाणी त्यांनाही लागतंच. एकूण 386 माणसं. 386 गुणिले 55, म्हणजे दिवसाला 21,230 लिटर. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुढची दोन वर्षं ज्या कार्यालयात गेले तिथं आधी तो सांगितला. "आमच्यावर अन्याय झालाय" म्हटलं की समोरचा माणूस आवरून बसतो. "एकवीस हजार लिटर कमी पडतंय" म्हटलं की तो पेन हातात घेतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडला. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. ऊसतोडीमुळं गाव रिकामं, म्हणून आदल्या दिवशीच्या महिला सभेतून उठतानाच बायांना सांगून ठेवलं होतं की उद्या चुली लवकर आटपा. 118 सह्या झाल्या. ठरावाची भाषा मात्र आम्हाला जमली नव्हती. "वस्तीला पाणी मिळावे" एवढंच लिहिलं होतं. पाणीपुरवठ्याच्या उपविभागात ते बघून एका कनिष्ठ अभियंत्यानं समजावलं की मागणी अशी मोघम असली की फाइल पुढं सरकत नाही. वस्तीचं नाव, घरं, लोकसंख्या, गावठाणापासूनचं अंतर, लोकवर्गणी भरायची तयारी, आणि "योजनेच्या आराखड्यात समाविष्ट करून सुधारित अंदाजपत्रक करावे" हे शब्द ठरावात हवेत. पुन्हा सभा, पुन्हा सह्या. यात दीड महिना गेला.

तोवर योजनेचा कार्यारंभ आदेश निघालेला होता, धरणाजवळ जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं, खोदकाम सुरू होतं. काम सुरू झालेल्या योजनेत नवी वस्ती घालणं म्हणजे काय असतं ते मग उमजलं. नव्या खर्चाला तांत्रिक मान्यता लागते, ठरलेल्या मर्यादेपलीकडे रक्कम गेली की सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि त्याआधी जिल्ह्याच्या पाणी व स्वच्छता मिशनची मंजुरी. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न येतो: ही वस्ती आहे, याला पुरावा काय? आमच्या बायांनी केलेली मोजणी हा त्यांच्या लेखी पुरावा नव्हता. एका कार्यालयात तर मला सांगितलं गेलं, "2011 च्या जनगणनेत ही वस्ती स्वतंत्र नाही, तेव्हा आम्हाला धरता येत नाही." त्या दिवशी एसटीत बसून घरी येताना फार खचले होते.

त्या रात्री आत्याबाईंनीच वाट दाखवली. त्या सहज बोलून गेल्या, "टँकरवाल्याला बरी सापडती गं आपली वस्ती."

मी उठून बसले. टँकरची खेप आली की नोंदवहीत वस्तीवरच्या बाईची सही घेतात. 2019 च्या उन्हाळ्यात त्या वहीत मीच कितीतरी वेळा सही केली होती. आणि टँकर काही मनानं येत नाही. दरवर्षी ऑक्टोबर ते जून असा टंचाई कृती आराखडा होतो, तीन-तीन महिन्यांच्या तीन भागांत. त्यात गावाचं आणि वाडीवस्तीचं नाव असतं, लोकसंख्या असते, मग विहीर अधिग्रहण, म्हणजे कुणाची तरी विहीर तात्पुरती ताब्यात घ्यायची, की टँकर ते ठरतं. माणशी 20 लिटर धरून खेपा काढतात. म्हणजे एका आराखड्यात आमची वस्ती दरवर्षी होती आणि दुसऱ्यात नव्हती.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. आपल्याकडे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा असतो, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्यामुळं दोन अर्ज वेगवेगळे दिले: एक मागच्या पाच वर्षांच्या टंचाई आराखड्यांतल्या आमच्या गावाच्या पानांसाठी, दुसरा टँकरच्या खेपांच्या नोंदवहीसाठी. पहिल्याचं उत्तर 27 दिवसांत आलं. दुसऱ्याचं 30 दिवसांत आलं नाही, अपील केलं, मग नोंदवही समोर बसून बघायला बोलावलं. पिवळी पडलेली पानं. प्रत्येक ओळीत तारीख, गाडी नंबर, वेळ, "माळवस्ती", आणि शेवटच्या रकान्यात सही. माझी, माझ्या नणंदेची, शेजारच्या काकूंची. त्या काकू आता नाहीत. त्या सही करायला शिकल्या त्या बचत गटात, आणि त्या सहीचा उपयोग तिथं सगळ्यात जास्त झाला असेल. टंचाई आराखड्यात लोकसंख्या लिहिली होती 340. सरकारी शिक्क्यासह.

हे कागद जोडून गेले तेव्हा कुणीही जनगणनेचं नाव काढलं नाही.

खरी अडचण मात्र पुढं होती, आणि ती कागदाची नव्हती, उंचीची होती. मोजणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यानं दाखवलं की गावठाणापेक्षा आमचा माळ 26 मीटर उंच आहे. गावातली टाकी 12 मीटरच्या खांबांवर. म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी तिच्यातलं पाणी आमच्या उंबऱ्याच्या बरंच खाली राहणार. नळाच्या तोंडाशी सात मीटरचा तरी दाब उरावा लागतो, आणि इथं तर पाणी चढायलाच तयार नाही. कार्यालयानं सुचवलं की गावच्या टाकीजवळ पंप बसवून वस्तीला पाणी ढकलावं. ऐकायला सोपं वाटलं, म्हणून त्या बैठकीत मान हलवून आले. घरी हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की त्या पंपाचं वीजबिल ग्रामपंचायतीच्या माथी येणार, आणि आमच्या भागात वीज थकबाकीपोटी पाणीयोजना बंद पडलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. शिवाय गावची टाकी 386 माणसं न धरता बांधायला घेतलेली. तिच्यातून ओढलं तर गावालाच कमी पडणार आणि भांडणं आमच्या वस्तीशी होणार.

नकाशा परत उघडला. डोंगरावरच्या मुख्य समतोल जलकुंभापासून, म्हणजे गावोगावी पाणी वाटणाऱ्या मोठ्या टाकीपासून, पुढच्या दोन गावांना जाणारी गुरुत्ववाहिनी, म्हणजे पंपाशिवाय उतारानं वाहणारी वाहिनी, आमच्या वस्तीपासून 700 मीटरवरून जात होती. तो जलकुंभ आमच्या माळाहूनही कितीतरी उंच. मी विचारलं, "साहेब, या पाइपातून आम्हाला फाटा काढला तर पंप लागंल का?" ते थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाब पुरतो का ते बघावं लागेल. पुढच्या गावांचा कमी व्हायला नको." आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला की पुरतोय, फाट्यावर झडप, 700 मीटर पाइप आणि वस्तीवर 20 हजार लिटरची छोटी टाकी, दिवसातून दोनदा भरायची. पुढच्या 30 वर्षांची वाढ धरून 550 माणसांचं पाणी, रोजचं 30,250 लिटर, त्यात बसत होतं. हा माणूस भेटला नसता तर आमचं काम झालं नसतं, असं मी मनापासून सांगते.

प्रस्ताव 2023 च्या पावसाळ्यात वर गेला. पाऊस त्या वर्षी फार कमी झाला, उन्हाळ्यात टँकर लवकर सुरू झाले. फाइल कुठं आहे हे बघायला मी दर पंधरा दिवसांनी जात होते. एक मात्र लवकरच शिकले: "काय झालं?" असं विचारायचं नाही. आवक क्रमांक विचारायचा, कुणाच्या टेबलावरून कुणाकडे कोणत्या तारखेला गेली ते विचारायचं, आणि समोरच वहीत लिहायचं. साहेब बदलून गेले तरी आवक क्रमांक बदलत नाही. मध्ये तीन साहेब बदलले. एकदा फाइल अडली ती दरसूचीवर, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर. जुन्या दरानं काढलेलं अंदाजपत्रक नव्या दरानं पुन्हा करायचं होतं. मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, सगळं थांबलं. मंजुरी सप्टेंबरात मिळाली, ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. त्यानंतर राज्यभर ठेकेदारांची बिलं थकली, आमच्याही कामावरची माणसं दोनदा निघून गेली. जल जीवन मिशनची मुदत आधी 2024 होती, ती 2025 च्या अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवली, तेव्हा जरा धीर आला.

या थांबलेल्या महिन्यांत आम्ही नमुना नंबर 8 चं काम धरलं. वस्तीवरच्या एकेका घराची नोंद लावून घेतली. ऊसतोडीवरची माणसं मे महिन्यात घरी होती, तेव्हा कागद गोळा केले. घरपट्टी लागणार म्हणून काही जण नाराज झाले, एका भावकीनं तर महिनाभर बोलणं टाकलं. त्यांना परत परत जाऊन सांगितलं. लोकवर्गणीही त्याच वेळी जमवली. ज्यांच्याकडं रोख नव्हती त्यांनी चर खोदायला अंगमेहनत दिली.

पाइप पुरताना मी रोज जाऊन खोली मोजायची. काठीला खडूनं खूण केली होती. एका ठिकाणी खडक लागला म्हणून पाइप वरच टाकायला निघाले होते, ट्रॅक्टरच्या फाळाला सहज लागला असता. वस्तीवरच्या पोरांनी दोन दिवस फोडकाम करून चर खाली नेला.

डिसेंबर 2025 मध्ये टाकीत पहिल्यांदा पाणी पडलं. तीन दिवस धुवून सोडून दिलं, क्लोरिन तपासलं, मग घरोघर. सध्या एक दिवसाआड येतं, सकाळी पाऊण तास. रोजचं व्हायला हवं, त्यासाठी धरणातल्या पिण्याच्या आरक्षणात आमच्या योजनेचं पाणी किती धरलंय ते बघतेय. वहीत त्याचं वेगळं पान केलंय.

यंदाचा टंचाई आराखडा आला तेव्हा एप्रिल ते जूनचं पान उघडलं. माळवस्तीचं नाव नव्हतं. काळजात लक्कन झालं, जुन्या सवयीनं. मग नमुना नंबर 8 ची वही मागून घेतली आणि घरं मोजली. 71 होती, आणि या वर्षी नवी बांधलेली तीन. त्या तिघांचे अर्ज त्याच दिवशी लिहून दिले.