अखेर निऑन वॉटर मार्बल जमलं!

मैत्रिणींनो, वॉटर मार्बल म्हणजे पाण्यावर नेलपॉलिशचे थेंब सोडायचे, काडीने नक्षी काढायची आणि बोट बुडवून ती नखावर उचलायची. काल रात्री डाव्या अनामिकेच्या नखावर गुलाबी-पोपटी वलयं उतरली. अगदी कडेपर्यंत, एकही भोक नाही! आनंदाने घरात सगळ्यांना बोट दाखवत फिरले.

मागच्या रविवारपासून पोपटीने छळलं होतं. थेंब पाण्यावर पसरतच नव्हता, टिकलीएवढा गोळा होऊन तळाला जायचा. बाटली घट्ट झाली असेल म्हणून दोन थेंब नेलपॉलिशचं थिनर घातलं (थिनरच घाला, रिमूव्हरने अख्खी बाटली बिघडते). तरी तेच. नवी बाटली आणली, तीही बुडाली. चार संध्याकाळी अशाच गेल्या.

मग शेजारच्या खोबरेलच्या बाटलीकडे लक्ष गेलं. पार थिजून पांढरी! खोबरेल थिजतं 24 अंशांच्या खाली, आणि नाशिकच्या या थंडीत माझ्या माठातलं पाणी तर त्याहून कितीतरी गार. त्यात रंग मोकळा होणार कसा?

लगेच पाणी गरम केलं, तर ते जास्तच झालं. काडी फिरवायच्या आत साय धरली आणि फाटली. पुढच्या वेळी कोमट घेतलं, पण स्टीलची वाटी ओट्यावर ठेवल्याने दोन मिनिटांत गार. शेवटी चहाचा जाड कप घेतला, खाली टॉवेलची घडी. पाणी बोटाला ना गार लागलं पाहिजे, ना गरम. बाटल्याही झाकण घट्ट लावून पाच मिनिटं कोमट पाण्यात उभ्या केल्या, मग तळहातांत घोळवल्या. हलवू नका, बुडबुडे धरतात. थेंब पाण्याच्या अगदी जवळून सोडला आणि गुलाबी झर्रकन कपाच्या काठापर्यंत गेला, पावसात रस्त्यावर पेट्रोल पसरतं तसा!

निऑनखाली पांढरा कोट हवाच, नाहीतर रंग उठत नाही. थंडीत तो वाळायलाही वेळ लागतो, मी अर्धा तास थांबते. कातडीला रंग लागू नये म्हणून नखाच्या कडेला फेविकॉल लावणाऱ्यांनो, मार्बलला नको, पाण्यात मऊ पडतो. साधी टेप उत्तम. रंगांचं म्हणाल तर रस्त्यावरच्या गाड्यावरचा 40 रुपयांचा गुलाबी माझ्या महागड्या सेटपेक्षा छान पसरतो.

संक्रांतीला काळ्या साडीवर दहाही बोटांना मार्बल करणार होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं: बोट काढल्यावर पाण्यावर उरलेला रंग काडीने गोळा करून का टाकायचा? प्लॅस्टिकच्या फोल्डरवर उचलून वाळवला, तर त्याचे पतंग कापता येतील! माझं माहेर येवल्याचं, संक्रांत म्हटली की डोळ्यांपुढे आधी पतंगच येतात. म्हणजे आता मार्बल फक्त अंगठ्यांना, बाकी नखं पिवळी, त्यांवर एकेक पतंग आणि लायनर ब्रशने शेपूट.

एक तुकडा आत्ताच सोलून पाहिला. पहिल्या पतंगाचा कोपरा तुटला, दुसरा भुवयांच्या कात्रीने नीट निघाला. जेमतेम 4 मिलिमीटर, आणि मधोमध एक पोपटी वलय.