बर्फ नसलेल्या गावासाठी हिवाळ्याची पुस्तके

दिवाळी आटोपली की माझ्या पुस्तकांच्या पेटीत फेरफार होतो. पावसाळ्याची चित्रपुस्तके तळाशी जातात आणि हिवाळ्याची वर येतात. विदर्भातल्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली मुले रविवारी सकाळी मारुतीच्या देवळामागे, जिथे ऊन लवकर पोचते त्या ओट्यावर जमतात आणि मी त्यांना पुस्तक वाचून दाखवते. पावसाळ्यासाठी निवड करणे सोपे असते, कारण छत्री, चिखल, बेडूक आणि गळके छप्पर यांची चित्रे कोणत्याही प्रांतात काढलेली असली तरी ती मुलांना आपल्याच घरची वाटतात. हिवाळ्याचे तसे नाही. दुकानात किंवा इंटरनेटवर हिवाळ्याची म्हणून जी पुस्तके समोर येतात, त्यांतली बहुतेक बर्फाची असतात: बर्फाचा माणूस, घसरगाडी, पांढऱ्या फांद्यांची सूचिपर्णी झाडे. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो रसवंतीवर, लग्नातल्या पाण्याच्या ड्रममध्ये किंवा गोळेवाल्याच्या गाडीवर, म्हणजे नेमका उन्हाळ्यात. बर्फ म्हटला की त्यांना मे महिना आठवतो.

म्हणून बर्फाची पुस्तके सरसकट बाजूला ठेवावीत, असे मात्र मला वाटत नाही. पुस्तक हातात घेतल्यावर मी एवढेच पाहते, की त्यात थंडी आहे का. ही अपेक्षा वाटते तितकी साधी नाही, कारण बर्फाच्या कितीतरी पुस्तकांत थंडी औषधालाही सापडत नाही. पांढरे डोंगर असतात, गुलाबी गालांची हसरी मुले असतात, आकाशातून सुबक पांढरे ठिपके पडत असतात. पण कोणी कुडकुडत नाही, कोणाच्या तोंडातून वाफ निघत नाही, कोणी हात काखेत दाबून धरत नाही, कोणाला पांघरुणातून बाहेर पडण्याचा कंटाळा येत नाही. असे पुस्तक म्हणजे भेटकार्डांचा गठ्ठा असतो आणि मुले त्याची पाने भराभर उलटतात. याउलट, चित्रातल्या मुलाने थंड पाण्यात बोट बुडवून झटकन मागे घेतलेले असेल, तर पाहणाऱ्या मुलांचे हातही आपोआप स्वेटरच्या बाहीत जातात, मग ते पुस्तक कोणत्या देशातले आहे हे विचारण्याची वेळच येत नाही.

आमच्याकडची थंडी कशी असते, हेही निवड करणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. त्यातच उत्तरेकडचे वारे सुरू झाले की पारा एकदम उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते आणि तेव्हाची सकाळ आमच्या गावातल्या मोठ्यांना अजून आठवते. पण अशा दिवसांतही दुपारी ऊन चांगलेच चटकते. शाळेत येताना गळ्यापर्यंत बटणे लावलेला स्वेटर अकरा वाजता कमरेला बांधलेला असतो आणि कानटोपी दप्तरात गेलेली असते. परदेशी पुस्तकातला हिवाळा दिवसभर एकाच रंगाचा असतो, आमचा घड्याळाप्रमाणे बदलतो. त्यामुळे ज्या पुस्तकात सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस आहे आणि पानागणिक उजेड बदलत जातो, सावल्या लांब होत्या त्या आखूड होऊन पुन्हा लांब होतात, ते पुस्तक मी आधी उचलते. (मोठ्यांच्या लेखी विदर्भातला हिवाळा म्हणजे नागपूरचे अधिवेशन आणि त्यापूर्वी घाईघाईने बुजवलेले खड्डे; त्यावर कोणी चित्रपुस्तक काढल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.)

आभाळातून पांढरे काही पडते आहे, असे चित्र शेतकऱ्यांच्या मुलांना दाखवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यांनी आभाळातून पडलेला बर्फ पाहिलेला असतो, पण तो गारांच्या रूपात. हरभरा घाट्यांवर आलेला असताना, गहू ओंबीत असताना किंवा संत्र्याच्या झाडावर मृग बहाराची फळे लटकत असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की घरात काय वातावरण असते, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. बर्फात नाचणाऱ्या मुलांचे चित्र मी उघडले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने गंभीरपणे विचारले होते, “काकू, याईच्या गावात गारा पडल्या का? मंग चना गेला असन.” अशा वेळी पुस्तक मिटून थोडे बोलावे लागते. गार वादळी ढगात तयार होते. वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्यात ती पुन्हा पुन्हा उचलली जाते, तिच्यावर बर्फाचे थर चढतात आणि मग ती दगडासारखी खाली येते. हिमकण मात्र ढगातल्या बाष्पापासून हळूहळू वाढणारा षट्कोनी स्फटिक असतो, तो भुरभुरत उतरतो आणि पान फाडत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटले नावाच्या एका शेतकऱ्याने १८८५ मध्ये अशा एका कणाचे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक कणांची छायाचित्रे काढली, हे सांगितले की मुलांना त्यातला ‘शेतकरी’ हा भाग फार आवडतो.

बर्फाच्या पुस्तकांपैकी माझ्या पेटीत कायमची जागा मिळवलेले पुस्तक म्हणजे एझ्रा जॅक कीट्स यांचे १९६२ मधले ‘द स्नोई डे’. शहरात राहणारा पीटर नावाचा लहान कृष्णवर्णीय मुलगा सकाळी उठतो, खिडकीबाहेर सगळे पांढरे झालेले पाहतो, लाल रंगाचा उबदार पोशाख घालून बाहेर पडतो आणि दिवसभर एकटाच खेळतो. कथानक म्हणावे तर एवढेच. पण तो पायांचे पंजे आधी बाहेर, मग आत वळवून ठसे उमटवतो, पाय ओढत चालून लांब रेघा काढतो, काठीने झाडाला मारतो आणि फांदीवरचा बर्फ त्याच्या डोक्यावर पडतो. हे सगळे आमची मुले फुफाट्यात करतातच. तो बर्फाच्या ढिगावर चढून घसरत खाली येतो, त्या पानावर तर दरवर्षी गलका होतो, कारण वेचणीच्या दिवसांत अर्ध्या गावाच्या घरांत कापूस छताला टेकलेला असतो, त्यावर उड्या मारायला मुलांना मनाई असते आणि मनाई मोडल्यावर अंगाला सुटलेली खाज चोरी उघडी पाडते. संध्याकाळी घरी जाताना पीटर बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो. आई त्याचे ओले मोजे काढते, तो अंघोळ करतो आणि झोपण्यापूर्वी खिसा तपासतो, तर तो रिकामा असतो. या पानावर मी मुद्दाम थांबते. मोठी मुले हुशारीने हसतात, पण तीन-चार वर्षांच्यांना हे कोडे खरोखर पडते; “खिशाले भोक असन” हे उत्तर मला त्यांच्याकडूनच मिळाले आहे आणि ते चुकीचे आहे असे सांगण्याची घाई मी करत नाही.

या पुस्तकातली चित्रे कागद कापून, चिकटवून केलेली आहेत आणि पीटर झोपतो त्या पानाच्या करड्या पार्श्वभूमीवरचे शिंतोडे दातांच्या ब्रशने शाई उडवून काढलेले आहेत. आम्ही जुना ब्रश आणि पांढरा पोस्टर रंग घेऊन वहीच्या निळ्या कव्हरावर तसेच शिंतोडे उडवतो, तेव्हा ओट्याची फरशी आणि निम्मे स्वेटर रंगतात.

रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ मधल्या ‘द स्नोमॅन’ची गोष्ट वेगळी आहे. त्यात एकही शब्द नाही, त्यामुळे भाषेचा अडसर उरत नाही आणि मूल आपल्या बोलीत गोष्ट रचू शकते. तरीही हे पुस्तक मी ओट्यावर कधी काढत नाही. त्याच्या पानापानावर लहान लहान चौकटी आहेत, ज्या मागच्या रांगेतल्या मुलाला दिसतच नाहीत. ते एका मुलाला मांडीवर घेऊन, गोधडीत बसून पाहण्याचे पुस्तक आहे आणि म्हणून मी ते घरी नेण्यासाठी देते. समूहात वाचायचे पुस्तक आणि मांडीवरचे पुस्तक हा भेद निवड करताना पुष्कळदा विसरला जातो. तसाच कागदाचा मुद्दा: हिवाळ्यात आपण उन्हात बसून वाचतो आणि चकचकीत आर्ट पेपरवर कोवळे ऊन पडले की समोरच्यांना चित्राऐवजी नुसता झगझगाट दिसतो. पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात तिरपे धरून पाहावे; दुकानदार विचित्र नजरेने पाहतो, पाहू द्यावे.

लोककथांपैकी युक्रेनमधली हरवलेल्या हातमोज्याची कथा आमच्याकडे उत्तम चालते. रानात पडलेल्या एका हातमोज्यात थंडीने गारठलेला उंदीर शिरतो, मग बेडूक, मग ससा, असे करत थेट अस्वलापर्यंत सगळे प्राणी एकमेकांना सरकवत आत बसतात. प्रत्येक प्राणी थंडीमुळेच आत येतो, म्हणजे गोष्टीला पुढे नेणारी शक्तीच थंडी आहे. हातमोजा मुलांना फारसा परिचित नसतो, पण चुलीच्या उबेला मांजर आणि कुत्र्याची पिल्ले कशी एकावर एक पडून झोपतात हे त्यांना ठाऊक असते. वाचून झाल्यावर एक जुनी वाकळ पसरायची आणि एकेका मुलाने प्राणी होऊन आत शिरायचे. गोष्टीच्या काही रूपांत शेवटी एका शिंकेने सगळे बाहेर फेकले जातात; ती शिंक कोणाला येणार यावरून भांडणे होतात.

बर्फाचे पुस्तक आणि आमचा गाव यांच्यामधला सगळ्यात पक्का दुवा मला पक्ष्यांमध्ये सापडला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाख अशा भागांत अंडी घालतो आणि तिकडची तळी गोठू लागली की हिमालय ओलांडून भारतात उतरतो. विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर तो हिवाळ्यात दिसतो. शेपटी सतत वरखाली करणारा धोबी पक्षी तर आमच्या पाझर तलावाच्या काठावरही असतो. स्थलांतरावरचे एखादे साधे पुस्तक बर्फाच्या पुस्तकानंतर लगेच वाचले, तर दूरचा बर्फ आणि दारातला पक्षी ही एकाच गोष्टीची दोन टोके होतात. त्या आठवड्यात तलावाकडे जाणाऱ्या बैलगाडीत मुलांची गर्दी वाढते.

पैशाचा प्रश्न आहेच. परदेशी पुस्तकाच्या एका प्रतीत नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली मूठभर पुस्तके येतात आणि पाने सुटली तर ती शिवणही बऱ्यापैकी सोसतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात, वाचनाच्या चार पातळ्यांनुसार ती निवडता येतात आणि मुक्त परवान्यामुळे छापून घेण्यास किंवा मजकूर आपल्या बोलीत बदलण्यास आडकाठी नसते. मी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर रंगीत प्रत काढून आणते. मोबाइलवर दाखवणे स्वस्त पडते खरे, पण उन्हात पडदा काळा दिसतो आणि मुलांचे बोट लागले की पान भलतीकडेच जाते.

इतके शोधूनही जे पुस्तक मला हवे आहे ते मिळालेले नाही. शेतपंपाला वीज रात्रीची असली की ऐन थंडीत बाप डोक्याला मफलर गुंडाळून, हातात टॉर्च घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. मूल झोपेत सायकलचा आवाज ऐकते आणि सकाळी चुलीपुढे बसलेल्या बापाचे चिखलाने पांढुरके झालेले, पाण्याने सुरकुतलेले पाय पाहते. आमच्या भागातल्या मुलांचा हिवाळा पुष्कळसा या पायांमध्ये आहे. यंदा मी मुलांना पुस्तकाऐवजी कोरे कागद देऊन “रात्री वावरात काय असते?” एवढेच विचारणार आहे. टॉर्चचा पिवळा झोत, पाटातले पाणी, धुऱ्यावरची शेकोटी आणि दूर कुठेतरी रानडुकरे, एवढे तर येईलच. मजकूर कमीत कमी ठेवायचा आणि पाने न चकाकणाऱ्या कागदावर छापायची, असे झेरॉक्सवाल्याशी बोलून ठेवले आहे.