जिन गेली, व्होडका आली

१९५४ च्या 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स' या ब्रिटिश सिनेमात मुलींच्या निवासी शाळेत, रसायनशास्त्राच्या तासाला, मुली जिन गाळतात. २००७ च्या 'सेंट ट्रिनियन्स'मध्ये त्याच शाळेतल्या मुली व्होडका गाळतात. दोन्हीकडे माल बाहेर खपवायला माणूस एकच, फ्लॅश हॅरी. तरीही पहिली बाटली पाहून खो खो हसलेला प्रेक्षक दुसऱ्या बाटलीकडे पाहून नाक मुरडतो, आणि दुसऱ्या बाटलीवर वाढलेल्यांना पहिली पाणचट लागते. भांडण बाटलीवरून नाहीच. शाळेत मुली दारू गाळताहेत हे कळल्यावर धक्का कुणाला बसतो, त्यावरून आहे.

मुळात ही शाळा सिनेमातली नव्हे. रोनाल्ड सर्ल या चित्रकाराचं पहिलं व्यंगचित्र 'लिलिपुट' मासिकात १९४१ साली आलं. मुलांसाठी लिहिणाऱ्या एनिड ब्लायटनची, मुलींच्या शाळेवरची सेंट क्लेअर्स मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली. मध्यरात्रीची चोरटी मेजवानी, लॅक्रॉसचा सामना, कडक पण मनानं मायाळू मुख्याध्यापिका हा सगळा मसाला ज्यांनी ब्लायटनचीच 'मॅलरी टॉवर्स' वाचताना चाखला आहे (आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या आपल्याकडच्या किती तरी मुलींनी तो पोटभर चाखला आहे), त्यांना सर्लची गंमत समजावून सांगावी लागत नाही. तसाच गणवेश, तशाच वेण्या, तसेच काळे मोजे. फक्त मुलींच्या हातात सुरे आणि विषाच्या बाटल्या. काल रात्री शाळेची पूर्वेकडची इमारत जाळणाऱ्या मुलीनं हात वर करावा, असं बाई वर्गात विचारतात, तेही गृहपाठ कुणी आणला नाही हे विचारावं त्या सुरात. मधल्या काळात सर्ल सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडला, सयाम-बर्मा रेल्वेवर राबला आणि जगून परत आला. युद्धानंतरच्या चित्रांत काळोख जास्त आहे, तो उगाच नाही. पुढे त्याला या पोरींचा कंटाळा आला आणि १९५३ मध्ये त्यानं कागदावरच अणुबॉम्ब टाकून शाळा उडवून दिली. पहिला सिनेमा आला तो त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे ज्याला आज 'अस्सल' म्हणून डोक्यावर घेतात, तो सिनेमाही मेलेल्या शाळेला पुन्हा उठवूनच काढलेला होता. चित्रांच्या चाहत्यांना तोही गुळमुळीतच वाटणार.

तरी फ्रँक लाँडर दिग्दर्शित हा पहिला सिनेमा टिकून आहे, तो मुलींमुळे कमी आणि मोठ्यांमुळे जास्त. शिक्षण मंत्रालयातला अधिकारी घाम पुसतो. पोलीस खातं सार्जंट रूबी गेट्सला खेळाच्या बाईंच्या वेशात आत धाडतं. त्याआधी तपासणीला गेलेले दोन निरीक्षक बेपत्ता झालेले असतात, ते शाळेच्याच आवारात मजेत राहताना सापडतात! ही सगळी लाज वाटणारी माणसं आहेत. नियम, नोंदणी, अहवाल, अब्रू यांवर त्यांचा विश्वास आहे. ब्रिटनमधलं रेशनिंग संपलं तेच मुळी १९५४ च्या जुलैत; रांगेत उभं राहायची सवय अंगात मुरलेला प्रेक्षक समोर बसला होता. रांग मोडणाऱ्या पोरी पाहून त्याला जे वाटलं असेल, त्यात हेव्याचा वाटा मोठा असणार.

२००७ मध्ये ही लाज आणायची कुठून? नव्या सिनेमातला शिक्षणमंत्री स्वतःच मुख्याध्यापिकेचा जुना प्रियकर निघतो. धक्का बसण्याआधीच त्याचं पितळ उघडं. म्हणून विनोदाला जागा बदलावी लागली, आणि तो ओळखीच्या चेहऱ्यांवर जाऊन बसला. मंत्री झालेला कॉलिन फर्थ १९९५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिकेत भिजल्या सदऱ्यातला मिस्टर डार्सी होता. इथे बाईंच्या कुत्र्याचं नाव मिस्टर डार्सी. मुली 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' हे चित्र चोरतात. त्याच नावाच्या २००३ च्या सिनेमात ते चित्र काढणारा व्हर्मीर पुन्हा फर्थच. फर्थ आणि मुख्याध्यापिका झालेला रुपर्ट एव्हरेट हे दोघं १९८४ मध्ये एका गंभीर सिनेमात शाळकरी मुलगे होते. बाईंचं नाव कॅमिला, हे ऐकून इंग्लंडात चार्ल्सच्या कॅमिलाची आठवण होते ते सांगायला नको. हे धागे ज्याच्या हाती लागतात तो खूष. ज्याच्या हाती लागत नाहीत त्याला कुत्र्याला हाक मारली की आजूबाजूचे का हसतात ते कळत नाही. संदर्भावर उभ्या विनोदाची खोड हीच. हसू आलं तर लगेच येतं, नाहीतर येतच नाही, आणि समजावून सांगितल्यावर तर मुळीच येत नाही.

मुख्याध्यापिकेचं काम पुरुषानं करायचं ही प्रथा दोन्हीकडे आहे. जुन्यात ॲलिस्टर सिमनं मिस फ्रिटन आणि तिचा सट्टेबाज भाऊ क्लॅरन्स असं दुहेरी काम केलं. एव्हरेटनंही भाऊबहीण दोन्ही केले. मराठी प्रेक्षकाची इथे फसगत होऊ शकते, कारण आपल्याला 'स्त्री पार्ट' म्हटलं की बालगंधर्व आठवतात. तिथे नट पुरुष आहे हे विसरायला लावण्यात कसब होतं, इतकं की घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची नक्कल करत. इंग्रजांच्या नाताळातल्या पँटोमाइममधली (मूकनाट्य नव्हे, गाण्याविनोदाचं नाटक) 'डेम', म्हणजे पुरुषानं रंगवलेली बाई, याच्या अगदी उलट. ती पुरुष आहे हे कुणीही क्षणभर विसरायचं नाही. नवा सिनेमा २००७ च्या ऐन नाताळात लागला, म्हणजे डेमच्या हंगामात, आणि एव्हरेट तशीच डेम रंगवतो: मोठी, झुलणारी, प्रेक्षकाला डोळा मारणारी. सिमची गंमत दोन्हींच्या मधली. तो डोळा मारत नाही. हलक्या, थकलेल्या आवाजात तो सांगतो की इतर शाळांतल्या मुलींची निर्दय जगासाठी तयारी झालेली नसते, आमच्या मुली बाहेर पडल्या की तयारी जगानं करायची असते. वाक्य म्हणून तो थांबतही नाही. जुन्याचे भक्त "तशी बाई पुन्हा होणे नाही" म्हणतात ते या न थांबण्यासाठी. माझंही मत त्यांच्याच बाजूनं.

फ्लॅश हॅरीचं मात्र नुकसानच झालं. जॉर्ज कोलचा हॅरी झुडपांतून बाहेर येतो, संगीतकार माल्कम अर्नोल्डची पियानोची धून त्याच्यासोबत चालते, आणि टोपी, मिशी, खांदे पाहूनच कळतं की हा काळ्या बाजारातला माणूस. रेशनिंग गेलं तसा हा प्राणीही नामशेष झाला. नव्या हॅरीच्या, रसेल ब्रँडच्या, वाट्याला उरलं नाव आणि केस.

नव्या सिनेमाची जमेची बाजू वेगळीच आहे, आणि जुन्याचे भक्त ती मोजत नाहीत. सर्लच्या मुली एकसारख्या दिसतात. तिथे गणवेश आणि गुन्हा यांची विसंगती हाच विनोद. २००७ मध्ये शाळेत टोळ्या आल्या: इमो (काळ्या पोशाखातल्या उदास मुली), गीक (अभ्यासू किडे), चॅव्ह, श्रीमंतांच्या नखरेल मुली आणि स्फोटकांशी खेळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या चिमुरड्या. प्रत्येक टोळीनं गणवेश आपल्या परीनं फाडला, आखडला, रंगवला. बारा-तेरा वर्षांच्या प्रेक्षक मुलीला यात स्वतःची जागा सापडते. 'तू कोणत्या टोळीतली?' हा प्रश्न सिनेमा संपल्यावरही चालू राहतो. ब्रिटनमध्येच १.२ कोटी पौंडांवर गल्ला गेला आणि २००९ मध्ये दुसरा भाग निघाला, तो समीक्षकांनी झोडपूनसुद्धा. 'चॅव्ह' हा शब्द गरीब वर्गाला हिणवणारा आहे, आणि आखूड स्कर्टांकडे कॅमेरा जरा जास्तच वेळ पाहतो, हे दोन्ही आक्षेप खरेच. त्यातला दुसरा १९५४ च्या वरच्या इयत्तांतल्या मुलींनाही लागू पडतो, पण आठवणीत तो गाळला जातो.

आठवण आणखीही बरंच गाळते. जुन्या मालिकेचे १९५७, १९६० आणि १९६६ मध्ये आणखी तीन भाग आले, नंतर १९८० मध्ये पाचवा. मालिकेतल्या दुसऱ्या, म्हणजे १९५७ च्या, भागात सिम जेमतेम दिसतो, आणि पाचव्याचं नाव भक्तसुद्धा काढत नाहीत. "नव्यांनी वाट लावली" म्हणताना जुन्यांनी किती लावून ठेवली होती ते हिशोबात धरलं जात नाही. आणखी एक गफलत: २००७ चा सिनेमा ईलिंग स्टुडिओचा, म्हणून जुनाही ईलिंगच्या गाजलेल्या विनोदी सिनेमांपैकी असणार असं अनेकांना वाटतं. तो शेपर्टन स्टुडिओत झाला.

घरात दोन्ही दाखवायचे असतील तर आधी नवा लावावा. जुना आधी लावला तर मुलं काळ्यापांढऱ्या रंगाला आणि पहिल्या वीस मिनिटांतल्या बोलण्याला कंटाळतात. नवा पाहून झाल्यावर मात्र शाळा ओळखीची असते आणि हॅरी कधी येतो याची वाट पाहिली जाते. सबटायटल्स दोन्हीकडे सुरू ठेवावीत, सिमचं पुटपुटणं आणि कोलची लंडनी बोली यांसाठी तर नक्कीच. जुन्यात मधेच उठू नये. 'फोर्थ फॉर्म'च्या, म्हणजे शाळेतल्या धाकट्या, मुली शर्यतीचा घोडा पळवून आणून आपल्या झोपायच्या खोलीत लपवतात, आणि रंग नसल्याची तक्रार साधारण तिथे बंद होते.