कुंडीतल्या मातीला गट नंबर कुठून आणायचा?

माती तपासायला द्यायची वेळ आली ती जास्वंदीमुळे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, आणि खालची जुनी पानं ठणठणीत. नत्र कमी पडलं तर उलटं होतं, आधी जुनी पानं पिवळी पडतात. म्हणजे हे काम लोहाचं. पण लोह मातीत नाहीच, की आहे आणि मुळांना मिळत नाही, हे पानाकडे बघून कळत नाही. आपल्या सोलापूरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तर हा प्रश्न पहिला विचारावा लागतो.

नमुना काढायला एक संध्याकाळ पुरली. घोडं अडलं माती तपासणीच्या फॉर्मवर.

फॉर्म शेतकऱ्यासाठी छापलेला. गट नंबर, क्षेत्र, मागचं पीक, पुढचं पीक, बागायत की जिरायत. गच्चीवरच्या चौदा कुंड्यांना यातलं काय लागू? मी गट नंबरची जागा मोकळी सोडली आणि खिडकीतून फॉर्म परत आला. "गट नंबर टाका की ओ, मोकळं चालत नाही." कुंडीतली माती आहे म्हटलं, तर पुढच्या खिडकीकडे बोट. पुढची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद. दुपारी ती उघडली तेव्हा पिशवीत हात घालून सांगितलं गेलं की माती ओलसर आहे, वाळवून आणा. हे दोन्ही सकाळीच, एका दमात सांगता आलं असतं. भर उन्हात दोन हेलपाटे झाले, ते माहिती नाही म्हणून नव्हे, तर कुणी सांगितली नाही म्हणून. याचा राग अजून गेलेला नाही.

तोडगा साधा निघाला. शहरातल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर असतो. गट नंबराच्या जागी तो लिहायचा आणि पुढे 'घरगुती परसबाग'. क्षेत्र आरमध्ये मागतात. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणून दोनशे चौरस फूट गच्चीचं 0.19 आर होतं. पुढच्या पिकात 'फुलझाडं व लिंबू' लिहिलं. रकाना मोकळा ठेवला नाही आणि फॉर्म लगेच घेतला गेला. फॉर्मवर 'कुंडी किंवा परसबाग' असा एक चौकोन छापला, तर शहरातल्या कितीतरी लोकांचे असे हेलपाटे वाचतील.

आणखी एक, हे मात्र आधीच मागून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या अहवालात, बारा घटक येतात: सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. मुक्त चुना, म्हणजे मातीत मिसळलेली चुनखडी, त्यात नाही. आपल्याकडे खरी मेख तिथेच असते, म्हणून तो वेगळा लिहून द्यावा लागतो. माझ्याकडून हे तिसऱ्या फेरीत झालं.

"आठ दिवसांनी या" म्हणाले. ते आठ दिवस वाचनाला दिले. सकाळी पाणी घालण्याआधी अर्धा तास वाचायचं, वहीत एकच मुद्दा उतरवायचा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तेवढाच कुंडीवर करून बघायचा. फुलझाडांच्या गुळगुळीत पुस्तकांपेक्षा डाळिंबावरची माहितीपत्रकं जास्त उपयोगी पडली. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत, आणि चुनखडीची माती त्या बागांची नि आपल्या कुंडीची एकच. बागेला जे लागू पडतं, ते थोड्या फरकाने कुंडीलाही पडतं.

पहिल्या दिवशी चुना वाचला आणि संध्याकाळी कुंडीतल्या पांढऱ्या खड्यावर व्हिनेगर टाकलं. लगेच फसफसलं. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. तिसऱ्या दिवशी गंधक वाचलं आणि दुकानातून गंधक आणायचा बेत रद्द केला. गंधकाचं मातीत आम्ल होतं, पण ते आधी चुन्यातच खर्ची पडतं. हिशेब असा: 100 ग्रॅम चुना संपवायला सुमारे 32 ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत दहा किलो माती आणि पाच टक्के चुना धरला तर चुना अर्धा किलो, म्हणजे गंधक 160 ग्रॅम. एवढं झाल्यावर कुठे सामू खाली यायला लागणार, आणि तोवर कुंडीत क्षार साठलेले. चमचाभर गंधक टाकून सामू उतरेल ही आशा इथल्या मातीत धरू नये.

पाण्यावर दोन दिवस गेले. बोअरचं पाणी रोज घातलं की कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, तो चुना आणि क्षारच. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बोअरचं वापरावं लागतं, हे मान्य. पण आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत ओतू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र बादलीत धरा, ते पुढे फवारणीला लागतं.

नमुन्याबद्दल सांगायचं राहिलं. वरची दोन इंच माती बाजूला सारून मुळांच्या थरातली एकेक मूठ पाच-सहा कुंड्यांतून घ्यावी. लोखंडी खुरपी नको, गंज मिसळून लोहाचा आकडा फुगतो. जस्ताची बादलीही नको. प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण पुरतं. कागदावर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.

आठव्या दिवशी गेल्यावर अहवाल तयार, पण सही बाकी. हातात पडला अकराव्या दिवशी. सामू 8.3, मुक्त चुना नऊ टक्के, लोह 5.1 पीपीएम (दहा लाख भागांत 5.1 भाग). लोहाची किमान पातळी 4.5 धरतात. म्हणजे लोह होतं, चुन्याने अडवून ठेवलेलं. पिवळ्या पानांचा उलगडा या एका ओळीत झाला आणि फार बरं वाटलं.

खताची शिफारस हेक्टरी किलोत येते, ती कुंडीसाठी अशी उतरवा. हेक्टरभर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण 22.4 लाख किलो धरतात. हेक्टरी 100 किलो नत्र सांगितलं असेल तर दहा किलोच्या कुंडीला अर्ध्या ग्रॅमहून कमी नत्र, म्हणजे एक ग्रॅम युरिया. चमचाभर टाकला तर पाचपट होतो आणि मुळं जळतात.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, चुन्यात तो लगेच निकामी होतो. फवारा. एक लिटर एसीच्या किंवा पावसाच्या पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्त्व, मग पाच ग्रॅम हिराकस. बोअरच्या पाण्यात द्रावण तांबूस होतं, तसं झालं तर फेकून द्या. हिराकस फिकट हिरवा हवा, पिवळट-तपकिरी पडलेला घेऊ नका. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनेही, आणि फरशीवर कागद अंथरून, कारण डाग निघत नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. मुळांतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने अडू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, मागा; पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए हवं. दुकानात बहुधा ईडीटीए हा दुसरा प्रकार पुढे करतात, ते फवारणीला चालतं, पण 8.3 सामूच्या मातीत टिकत नाही.

दुसऱ्या फवारणीनंतर जास्वंदीला आलेलं नवं पान शिरांसकट एकसारखं हिरवं आहे. लिंबाला अजून एक फवारणी बाकी आहे.